दूध सोडल्यावर कॅल्शियमचा हिशेब: टप्पे, मापं आणि नेहमीच्या चुका

"आमच्याकडे दूध बंद आहे, पण तीळ, बदाम, पालक सगळं खातो, त्यामुळे कॅल्शियमची काळजी नाही." हे वाक्य मी इतक्या घरांत ऐकलंय की आता पुढचं न ऐकताच वजनकाटा मागते. दहा बदामांत साधारण 27 मिलीग्रॅम कॅल्शियम असतं. पालकातलं बहुतेक पोटातून तसंच बाहेर जातं. आणि तीळ म्हणजे पोळीवर भुरभुरवलेले चिमूटभर. या तिघांच्या जिवावर दिवसाला दीडशेचा आकडाही गाठणं अवघड, आणि गरज आहे हजाराची.

पदार्थ सगळ्यांना माहीत असतात. चुकतो तो क्रम. आधी माप, मग निवड, मग पदार्थ करायची रीत, आणि गोळी सगळ्यात शेवटी. बहुतेक जण सुरुवातच गोळीपासून करतात किंवा व्हॉट्सॲपवर आलेल्या यादीपासून.

सुरू करण्याआधी

एक वर्षाच्या आतल्या बाळासाठी हा लेख नाही. त्या वयात आईच्या दुधाला किंवा डॉक्टरांनी सांगितलेल्या फॉर्म्युल्याला नाचणीची पेज, सोया दूध, बदाम दूध हे पर्याय होत नाहीत. किडनीचा जुना आजार, मुतखडा किंवा पॅराथायरॉईडचा (रक्तातलं कॅल्शियम सांभाळणाऱ्या गळ्यातल्या ग्रंथींचा) त्रास असेल तर पुढचे आकडे आधी डॉक्टरांना दाखवा.

हाताशी ठेवा: एक ग्रॅम दाखवणारा स्वयंपाकघरातला वजनकाटा, एक वही, आणि घरात चालू असलेल्या सगळ्या गोळ्यांच्या पट्ट्या. पट्ट्या कशाला ते सातव्या टप्प्यात कळेल.

## टप्पा 1: तुमचा आकडा ठरवा

आयसीएमआर (भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषद) आणि हैदराबादची राष्ट्रीय पोषण संस्था यांच्या 2020 च्या शिफारशीनुसार प्रौढ स्त्री-पुरुषांना रोज 1000 मि.ग्रॅ. कॅल्शियम लागतं. गरोदरपणातही 1000, अंगावर पाजणाऱ्या आईला 1200, पाळी गेलेल्या बाईला आणि साठीपुढच्यांना 1200. मुलांचं असं: 4 ते 6 वर्षं 550, 7 ते 9 वर्षं 650, 10 ते 12 वर्षं 850, 13 ते 15 वर्षं 1000, आणि 16 ते 18 वर्षं 1050.

जुन्या तक्त्यांत प्रौढांसाठी 600 लिहिलेलं सापडतं. ते 2010 चं. अजूनही तोच कागद कित्येक ठिकाणी भिंतीवर चिकटवलेला दिसतो.

तपासणी: घरातल्या प्रत्येकाच्या नावापुढे आकडा लिहिला का? चौघांच्या घरात तीन वेगळे आकडे निघणं अगदी स्वाभाविक आहे.

## टप्पा 2: तीन दिवस नुसतं मोजा

काहीही बदलू नका. दोन कामाचे दिवस आणि एक सुट्टीचा, जे खाता ते वजनासकट लिहा. पीठ कोरडं असताना, भाजी निवडून झाल्यावर आणि कडधान्य भिजत घालण्याआधी मोजा, कारण तक्त्यांतले आकडे कच्च्या मालाचे असतात.

इथली सर्वांत मोठी चूक म्हणजे 100 ग्रॅमचा आकडा वाचायचा आणि खायचं चमचाभर. शंभर ग्रॅम तिळात 1200 मि.ग्रॅ.च्या वर कॅल्शियम आहे हे खरं, पण शंभर ग्रॅम तीळ म्हणजे मोठी वाटीभर. एका मोठ्या चमच्यात ते जेमतेम दहा ग्रॅम बसतात.

दुसरी चूक तुपाची. दूध सोडलं पण तूप चालू आहे, म्हणजे "थोडं तरी" मिळतंय असं वाटतं. तुपात कॅल्शियम जवळजवळ नसतंच. लोण्याचंही तेच.

## टप्पा 3: पदार्थांच्या तीन रांगा लावा

वहीतले पदार्थ आता तीन रांगांत वाटायचे. ही वाटणी आकड्यावर होत नाही, त्यातलं अंगी किती लागतं यावर होते.

पूर्ण धरायचे: नाचणी (100 ग्रॅमला 364 मि.ग्रॅ.), मेथीची पानं (274), शेवग्याचा पाला (314), कुळीथ (269), मटकी (154), राजगिऱ्याचे दाणे (160 ते 180). मुळ्याचा पाला आपण फेकतो, तोही याच रांगेत. कॅल्शियम घातलेलं सोया दूध डब्यावरच्या आकड्याने धरा: 100 मिलीला 120 लिहिलं असेल तर 200 मिलीच्या पेल्यात 240. मात्र डबा हलवून ओता. घातलेलं कॅल्शियम तळाशी बसतं आणि न हलवता ओतलं तर ते डब्याबरोबर कचऱ्यात जातं. घरी बदाम वाटून गाळलेल्या दुधात यातलं काहीच नसतं, नारळाच्या दुधातही नाही.

निम्मे धरायचे: तीळ. तिळाचं कॅल्शियम मुख्यतः सालीत असतं आणि तिथे ते ऑक्झलेटला, म्हणजे कॅल्शियमला घट्ट धरून ठेवणाऱ्या वनस्पतींतल्या घटकाला, बांधलेलं असतं. साल काढली की ऑक्झलेट जातं, पण त्याच्याबरोबर कॅल्शियमही. दुकानातले पांढरेशुभ्र, गुळगुळीत पॉलिशचे तीळ म्हणजे नुसती चव. सालीसकट असलेले मळकट तीळ किंवा काळे तीळ घ्या आणि मोठ्या चमच्याला 60 धरा. हे निम्म्याचं माप माझं आहे. कमी धरून चुकलेलं परवडतं.

शून्य धरायचे: पालक, माठ, राजगिऱ्याचा पाला, चुका, अळू. यांत ऑक्झलेट इतकं असतं की पालकातल्या कॅल्शियमपैकी साधारण 5 टक्केच शोषलं जातं. दुधातलं 30 टक्क्यांच्या आसपास. उकळून पाणी फेकलं तर सुटं ऑक्झलेट कमी होतं, बांधलेलं कॅल्शियम सुटत नाही. अळूचं फदफदं जरूर खा, फक्त वहीत त्याच्यापुढे भोपळा लिहा.

टोफूबद्दल सरसकट सांगता येत नाही. कॅल्शियम सल्फेटने घट्ट केलेला असेल तर उत्तम, मॅग्नेशियम क्लोराईडने किंवा लिंबाने केला असेल तर बेताचाच. घटकांच्या यादीत बघा.

मासे खाणाऱ्यांचं काम सोपं आहे, पण कॅल्शियम काट्यात असतं, मांसात नाही. सुरमई आणि पापलेटच्या तुकड्यांतून फारसं मिळत नाही. कुरकुरीत तळून काट्यासकट चावून खाल्लेली मांदेली, कुकरमध्ये चिंच घालून काटे मऊ होईपर्यंत शिजवलेले पेडवे, आणि सुका जवळा हे खरे कामाचे. जवळा कवचासकट पोटात जातो, सोडे सोललेले असतात, म्हणून या हिशेबात स्वस्त जवळा महागड्या सोड्यांना मागे टाकतो. सुक्या मासळीत मीठ फार. भिजवून, दोनदा धुऊनच करा.

इशारा: "गव्हाच्या दाण्याएवढा चुना रोज खा" हा सल्ला पाळू नका. चुना म्हणजे कॅल्शियम हायड्रॉक्साईड, त्वचा आणि अन्ननलिका भाजणारा दाहक पदार्थ. दाण्याएवढा म्हणजे किती हे प्रत्येकाच्या बोटावर अवलंबून, आणि त्यात आणखी काय मिसळलंय ते कुणी तपासलेलं नसतं. लहान मूल असलेल्या घरात चुन्याची पुडी हाताशी ठेवूच नका. ती दाबून चुना डोळ्यात उडाला तर नजर जाऊ शकते.

## टप्पा 4: नाचणीची तयारी

दूध नसलेल्या मराठी स्वयंपाकघरात सगळा भार नाचणीवर येतो, आणि नेमकी तीच सर्वांत जास्त बिघडवली जाते.

नाचणीचं बरंचसं कॅल्शियम तिच्या लालसर टरफलाजवळ असतं. टरफलातच फायटेट आणि टॅनिनही असतात, जी कॅल्शियमला धरून ठेवतात. म्हणून दोन गोष्टी करायच्या: मोड आणून फायटेट कमी करायचं, आणि टरफल वाया जाऊ द्यायचं नाही.

1. नाचणी तीन-चार पाण्यांत धुवा. तळाशी बारीक वाळू बसते. वरून ओंजळीने काढून घ्या, भांडं उपडं करू नका.
2. रात्रभर, 10 ते 12 तास भिजवा. सकाळी पाणी फेका.
3. ओलसर सुती फडक्यात सैल बांधून ठेवा. उन्हाळ्यात 24 तास, थंडीत 36. दाण्याला पांढरं टोक फुटलं की पुरे, लांब मोडांची वाट बघू नका.
4. कापडावर पातळ पसरून कडकडीत वाळवा. दाणा दाताखाली कट्‌कन तुटला पाहिजे. दबला तर अजून ओला आहे.
5. मंद आचेवर वास सुटेपर्यंत भाजा, गार करा, दळा.
6. चाळू नका.

हा सहावा मुद्दा गिरणीत हरवतो. गेल्या थंडीत मी दळण घेऊन गेले तेव्हा गिरणीवाल्या काकांनी आपणहून मैद्याच्या चाळणीने चाळून दिलं. "बाळासाठी आहे ना, ताई? मऊ केलंय." चाळणीत राहिलेला लालसर कोंडा त्यांनी कोपऱ्यातल्या डब्यात टाकला होता. ज्यासाठी दोन दिवस खटपट केली, त्यातला मोठा वाटा त्या डब्यात होता. आता पिशवीवर खडूने "चाळू नये" लिहूनच पाठवते.

नाचणीसत्त्वाचंही असंच. वाटून, फडक्यातून गाळून, खाली बसलेलं पांढरं सत्त्व वाळवतात. पोटाला हलकं असतं, आजाऱ्याला चांगलं, पण चोथ्याबरोबर कॅल्शियमही गेलेलं असतं. सत्त्वाला 364 चा आकडा लावू नका.

पावसाळ्यात: वाळवण नीट होणार नसेल तर मोड आणण्याच्या भानगडीत पडू नका. अर्धवट वाळलेल्या नाचणीला बुरशी येते. त्याऐवजी साधं नाचणीचं पीठ पाण्यात कालवून रात्रभर आंबवा आणि सकाळी त्याचे घावन घाला किंवा आंबील करा. आंबवल्यानेही फायटेट कमी होतं. आंबिलीत ताक घालायची सवय असेल तर आगळ (कोकमाचा रस) घालून बघा. रंग बदलतो, आंबटपणा जमतो.

मोडाच्या पिठाला चिकटपणा कमी, भाकरी थापताना फाटते. पीठ उकळत्या पाण्यात उकड काढून मळा, नाहीतर एक चतुर्थांश ज्वारीचं पीठ घाला. माझ्या हाताच्या एका भाकरीला 60 ग्रॅम पीठ लागतं, म्हणजे निव्वळ नाचणीची असेल तर 218 मि.ग्रॅ. तुमची भाकरी एकदा मोजा, मग रोज मोजायची गरज नाही.

तपासणी: नाचणीची बिस्किटं हिशेबात धरली असतील तर पुड्याची मागची बाजू वाचा. 100 ग्रॅमच्या पुड्यात नाचणी 15 ग्रॅम असेल तर सगळा पुडा संपवून नाचणीचे 55 मि.ग्रॅ. मिळतात. बाकी मैदा आणि साखर.

## टप्पा 5: पालेभाजी आणि कडधान्य

मेथी आधी धुवा, मग चिरा. पाणी न घालता, झाकणावर पाणी ठेवून शिजवा म्हणजे फेकायला काही उरत नाही. निवडलेली 100 ग्रॅम मेथी ढिगासारखी दिसते आणि शिजल्यावर वाटीभर होते. एका जुडीत चौघांचं जेवण उरकलं तर प्रत्येकाच्या वाट्याला 40-50 ग्रॅमच आलेली असते.

शेवग्याचा पाला कोकणात गोकुळाष्टमीला हमखास होतो आणि मग वर्षभर झाड नुसतं शेंगांसाठी उभं असतं. कोवळी पानं काढा, जाड काड्या टाका, 50 ग्रॅम पानांची भाजी कांदा-खोबरं घालून करा: 157 मि.ग्रॅ. कडवटपणा आवडत नसेल तर मूगडाळीत अर्धी-अर्धी. सावलीत वाळवून केलेली पूडही चालते, पण लहान चमचाभर पुडीतून चाळीसेक मि.ग्रॅ.च मिळतात. जाहिरातीत तीच पूड दुधाच्या कितीतरी पट ताकदीची असते. ती तुलना वजनाला वजन अशी असते आणि पूड काही कुणी पेलाभर खात नाही.

कडधान्य भिजवून, मोड आणून. कुळथाचं पीठ दळण्याआधी कुळीथ भाजतातच, तेवढं पुरे.

## टप्पा 6: दिवसभरात पसरवा

शरीर एका वेळी थोडंच कॅल्शियम घेतं. 500 मि.ग्रॅ.च्या पुढे शोषण घसरतं, म्हणून दुपारी एकदाच भरगच्च ताट आणि बाकी दिवस चहा-पोहे असं करू नका. पूर्ण शाकाहारी, दुधाचा थेंब नसलेला माझ्या वहीतला एक दिवस:

- सकाळी 60 ग्रॅम नाचणीच्या पिठाचे घावन: 218. सोबत मोठा चमचाभर सालीच्या तिळाची चटणी: 60.
- दुपारी 100 ग्रॅम मेथीची भाजी: 274. 40 ग्रॅम मटकीची उसळ: 60.
- संध्याकाळी 30 ग्रॅम राजगिऱ्याचा लाडू: 50.
- रात्री 30 ग्रॅम पिठाचं कुळथाचं पिठलं: 80. एक नाचणीची भाकरी: 218.

बेरीज 960. भात, ज्वारी आणि पाण्यातून आणखी थोडं येतं, म्हणजे हजार होतात. पण बघा, यात दोन वेळा नाचणी आणि एका माणसाला जवळजवळ अर्धी जुडी मेथी आहे. हे रोज होणार नाही. आठवड्यातले चार दिवस असे गेले आणि बाकी दिवशी सोया दुधाचा एक पेला घेतला तर माझ्या मते गाडी रुळावर आहे. ज्यांचा आकडा 1200 आहे त्यांना बहुधा सातवा टप्पा लागेल.

गळती बघा: मीठ जास्त झालं की लघवीवाटे कॅल्शियमही जास्त जातं. रोज पापड, लोणचं, खारातल्या मिरच्या असतील तर आधी तिथे हात आखडा.

आणि ड जीवनसत्त्व. कॅल्शियम शोषायला ते लागतं. ते कमी असेल तर वरची सगळी बेरीज वहीतच राहते. सकाळचं कोवळं ऊन ड साठी उपयोगाचं नाही. अकरा ते दोनच्या दरम्यान, आपली सावली आपल्यापेक्षा आखूड पडते तेव्हाचं ऊन लागतं. हात-पाय उघडे ठेवून वीसेक मिनिटं. काचेच्या खिडकीआड बसून काही होत नाही, काच लागणारे किरण अडवते. शंका असेल तर रक्ततपासणी करून डॉक्टरांकडून मात्रा घ्या. 60,000 युनिटची पुडी सहसा आठवड्यातून एकदा असते. ती गैरसमजातून रोज घेतली तर रक्तातलं कॅल्शियम धोकादायक वाढतं.

## टप्पा 7: उरलेली तूट गोळीने

आता, आणि आताच. आकडा 1200, जेवणातून सरासरी 750 येतंय, तर तूट 450. म्हणजे 500 ची एक गोळी. दोन नाहीत.

पट्टीवर मोठ्या अक्षरात "कॅल्शियम कार्बोनेट 1250 मि.ग्रॅ." असतं आणि खाली बारीक अक्षरात एलिमेंटल, म्हणजे निव्वळ, कॅल्शियम 500. दुसरा आकडा आपला. कार्बोनेटमध्ये 40 टक्के कॅल्शियम असतं, सायट्रेटमध्ये 21. कार्बोनेट जेवणाबरोबर घ्या, त्याला पोटातलं आम्ल लागतं. सायट्रेट कधीही चालतं. ॲसिडिटीची गोळी रोज चालू असणाऱ्यांना बहुधा तेच दिलं जातं.

आता त्या पट्ट्या बाहेर काढा. माझ्या सासूबाईंची थायरॉईडची मात्रा एकदा वाढवावी लागली, तरी रिपोर्ट हलेना. एके सकाळी त्यांच्याकडे चहाला बसले होते. त्यांनी डबीतून तीन गोळ्या तळहातावर घेतल्या, थायरॉईडची, लोहाची आणि कॅल्शियमची, आणि एका घोटात गिळल्या. "एकदम घेतल्या की विसरायला होत नाही गं." कॅल्शियम त्या दोन्ही गोळ्यांचं शोषण अडवत होतं.

- थायरॉईडची गोळी सकाळी उपाशीपोटी, कॅल्शियम त्यानंतर किमान 4 तासांनी.
- लोहाची आणि कॅल्शियमची गोळी एकत्र नाही, मध्ये किमान 2 तास. गरोदरपणात या दोन्ही मिळतात, तिथे ही चूक फार होते.
- डॉक्सीसायक्लिन, सिप्रोफ्लॉक्सासिन अशी अँटिबायोटिक्स चालू झाली तर कॅल्शियमच्या वेळा डॉक्टरांना किंवा औषधवाल्यांना विचारून बदला.

सासूबाईंची थायरॉईडची गोळी उशाशी गेली, कॅल्शियम दुपारच्या ताटाजवळ आणि लोह रात्री झोपताना. तीन जागा, तीन डब्या.

इशारा: जेवण आणि गोळ्या मिळून दिवसाला 2500 मि.ग्रॅ. ही वरची मर्यादा आहे. हाडं दुखतात म्हणून मनाने गोळ्या वाढवू नका. मुतखडा झालेल्यांनी घाबरून जेवणातलं कॅल्शियमही बंद करू नये. ते आतड्यातच ऑक्झलेटला धरतं आणि बाहेर नेतं. ते बंद केल्याने खड्याचा धोका वाढू शकतो. गोळ्यांचं मात्र डॉक्टरांनी ठरवायचं.

## टप्पा 8: पुन्हा मोजणी

तीन महिन्यांनी परत तीन दिवसांची वही. पहिल्या आठवड्यातला उत्साह तोवर ओसरलेला असतो, नाचणी डब्याच्या तळाशी गेलेली असते आणि सोया दूध "संपलंय, आणायचंय" या यादीत असतं. तेव्हाचा आकडा खरा.

रक्तातलं कॅल्शियम तपासून "नॉर्मल आलं" म्हणून निर्धास्त होऊ नका. रक्तातली पातळी टिकवायला शरीर हाडांतून कॅल्शियम काढतं, त्यामुळे हाडं रिकामी होत असतानाही तो रिपोर्ट बऱ्याचदा ठीक दिसतो. हाडांची स्थिती कळायला डेक्सा तपासणी असते. पाळी जाऊन काही वर्षं झाली असतील, किरकोळ पडण्याने हाड मोडलं असेल किंवा स्टेरॉईडच्या गोळ्या बरेच महिने चालू असतील, तर ती करायची का हे डॉक्टरांना विचारा, आणि जाताना वही बरोबर न्या.